काटा कोणाचा?

कापसाचा पहिला वेचा घरोघर येऊन पडला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. हिवरखेडला संध्याकाळी सातपुड्याकडून थंड वारा सुटायला लागला होता आणि मी ओट्यावर खाट टाकून बसलो होतो. धाकटा अकोटहून आला. तिथे तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. हातपाय धुतले, आईजवळून चहा घेतला आणि माझ्या खाटेच्या पायथ्याशी येऊन बसला. जवान मुलगा आपणहून बापाजवळ येऊन बसला म्हणजे काहीतरी काम आहे, हे ३१ वर्षे एस.टी.त कंडक्टरी केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

"बाबा, तुमची ते एफडी डिसेंबरात सुटते ना?"

"सुटते. काहून?"

"नाई, असंच इचारलं."

असंच कोणी विचारत नसते. थोडे थांबून त्याने सगळे सांगितले. एफडी दोन लाख दहा हजारांची. माझ्या ग्रॅच्युइटीतून उरलेली. मुलगी अमरावतीला नर्सिंग शिकते, तिच्या तिसऱ्या वर्षाची फी आणि होस्टेलचा खर्च त्यातून जायचा आहे, हे घरात सगळ्यांना माहीत. धाकट्याचे म्हणणे असे की फी भरायला अजून वेळ आहे. त्यातले एक लाख तीन महिन्यांसाठी 'फॉरेक्स'मध्ये टाकावे. डॉलर, युरो, पौंड यांचे भाव रात्रंदिवस वरखाली होतात. स्वस्त घ्यायचे, महाग विकायचे, किंवा आधी विकून मग घ्यायचे, आणि हे सगळे मोबाईलवर.

"बाबा, मले काही पैशे दुप्पट कराचे नाईत. सारेच चोर नसते. म्या चार कंपन्या काढल्या. त्यातली भरोशाची कोनती, एवढंच तुमी अन् ताईनं पाहून सांगा."

ताई म्हणजे माझी भाची, अकोल्याला बँकेत नोकरीला आहे. धाकट्याने वही पुढे केली. खरे सांगतो, वही पाहून मला आधी बरेच वाटले. दहावीनंतर त्याने एवढे नीट रकाने पाडलेले मी पाहिले नव्हते. कंपनीचे नाव, परवाना कोणत्या देशाचा, कमीत कमी किती पैसे टाकायचे, घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात फरक किती, रात्रभर सौदा ठेवला तर व्याज किती, पैसे परत किती दिवसांत मिळतात. शेवटच्या रकान्यात १:५००, १:१०००, असे आकडे. ते काय, विचारले तर म्हणाला, "ते लिव्हरेज. तुमाले समजाचं नाई."

मी म्हटले, रविवारी ताईला बोलावू.

रविवार येईपर्यंत माझ्या डोक्यात मात्र माझे बाबा फिरत राहिले. ते जिनिंगमध्ये हमाल होते आणि दीड एकर वावर बटईने करत. १९७२ साली सरकारने कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. कापूस पणन महासंघालाच द्यायचा, दुसऱ्या कोणाला विकायचा नाही, असा कायदा. योजना शेतकऱ्याच्या भल्याची होती, पण चुकारा सगळा एकदम हातात येत नसे. गरिबाला तर आजच्या आज पैसे पाहिजेत. मग रात्री खेडा खरेदीवाला यायचा. बैलगाडी किंवा मेटॅडोर, सोबत स्वतःचा काटा, स्वतःची वजने आणि रोख नोटा. मी १४ वर्षांचा होतो. कंदील धरून उभा होतो. बाबांनी आयुष्यभर पाठीवर गाठी वाहिल्या होत्या, ओझ्याचा अंदाज त्यांना डोळे मिटून यायचा. कट्टी उचलताना त्यांचे तोंड बदललेले मी पाहिले. काटा दर मणाला दोन-अडीच किलो खात होता. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईने विचारले, तक्रार का नाही केली? तर म्हणाले, "कोनापाशी करू? विकाचाच नवता ना त्याले."

हे वाक्य मी पुढे विसरलो होतो. या प्रकरणात ते पुन्हा आठवले, कसे ते पुढे येईलच.

आपल्या वऱ्हाडाला काट्याचा इतिहास काही नवा नाही. भारतातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली आपल्या कारंज्याला झाला, हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. इंग्रजांना आपला कळवळा होता म्हणून नव्हे, त्यांच्या गिरण्यांना चांगला कापूस पाहिजे होता म्हणून. पण निदान काटा कोणाचा, दलाली किती आणि परवाना कोणाकडे, हे तरी ठरले. आणि परदेशच्या भावावर पैसे लावण्याचा नादही आपल्याला जुनाच. मटक्याचा आकडा पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरून काढत, असे जुनी माणसे सांगतात. तेव्हा धाकट्याच्या मोबाईलवरचा युरो पाहून मी अगदीच गडबडून गेलो असे नाही.

रविवारी भाची आली. जयभीम झाला, जेवणे झाली, आणि तिने वही समोर घेतली. तिने ज्या क्रमाने समजावले त्याच क्रमाने सांगतो, कारण मला ते तसेच समजले.

तिने आधी १:५०० घेतले. म्हणाली, "मामा, समजा यानं २० हजार रुपये टाकले. १:५०० म्हणजे कंपनी याला त्या २० हजारांवर एक कोटीचा सौदा करू देते." आमच्या घरच्यांनी पदर तोंडाला लावला. "आता एक कोटीवर भाव रुपयाला वीस पैसेही नाही, शंभर रुपयांमागे फक्त वीस पैसे उलटा गेला, तर किती गेले?" मी कंडक्टर माणूस, हिशेब तोंडी. वीस हजार. म्हणजे सगळेच. आणि युरो-डॉलरचा भाव एका दिवसात शंभरामागे वीस पैशांनी हलणे म्हणजे काहीच नाही, रोजचे आहे.

याच कारणाने मोठ्या देशांनी हा आकडा बांधून टाकला आहे. युरोपच्या नियामकाने १ ऑगस्ट २०१८ पासून साध्या ग्राहकाला मुख्य चलनांवर ३० पटीची मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून तेच केले. जपानमध्ये २५ पट, अमेरिकेत ५० पट. ३० पटीत तेच २० हजार धरले तर सौदा होतो सहा लाखांचा, आणि तेवढ्याच हालचालीत जातात १,२०० रुपये. माणूस निदान विचार करायला जिवंत राहतो. युरोपने आणखी एक केले. प्रत्येक दलालाने आपल्या जाहिरातीत लिहायचे की आमच्याकडे शंभरातल्या किती ग्राहकांच्या खात्यात तोटा झाला. नियामकाने २०१८ साली पाहिले तेव्हा तो आकडा ७४ ते ८९ टक्के होता. आपल्याकडे सेबीने शेअर बाजाराच्या फ्युचर-ऑप्शनचा हिशेब सप्टेंबर २०२४ मध्ये काढला, त्यात तीन वर्षांत १०० पैकी ९३ लोक तोट्यात निघाले. तो बाजार वेगळा, पण माणसे तीच.

धाकटा म्हणाला, "पन ताई, यातल्या दोन कंपन्यांकडे तं लंडनचं लायसन हाय."

मग भाचीने त्याच्याच मोबाईलवर त्या कंपनीचा करार उघडला. खाली, मुंगीच्या अक्षरात. नाव तेच, खूण तीच, पण भारतातल्या ग्राहकाचा करार लंडनच्या कंपनीशी नव्हता. तो होता कुठल्याशा बेटावरच्या त्याच नावाच्या दुसऱ्या कंपनीशी. लंडनचा परवाना लंडनच्या ग्राहकासाठी. तिथे मर्यादा ३० पट, ग्राहकाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायची सक्ती, कंपनी बुडाली तर भरपाईची योजना. बेटावर यातले जवळजवळ काही नाही, म्हणून तर ५०० पट मिळते. तिसऱ्या कंपनीचा पत्ता सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडाइन्सचा होता. वेस्ट इंडीजच्या बाजूचा छोटा देश. तिथल्या सरकारी वित्त प्राधिकरणाने स्वतःच जाहीर केले आहे की फॉरेक्सच्या धंद्याला आम्ही परवाना देतच नाही. कंपनीची नुसती नोंदणी होते, पानठेल्याची ग्रामपंचायतीत होते तशी. आणि ती नोंदणीची पावती लोकांना परवाना म्हणून दाखवली जाते.

मी विचारले, "मग हे लोक सौदा करतात तरी कुठे? डॉलर-युरोचा लिलाव होतो का कुठे, आपल्या बाजार समितीसारखा?"

यावर भाचीने जे सांगितले ते ऐकून मला कंदिलाची रात्र डोळ्यांपुढे दिसली. अशा पुष्कळ कंपन्यांत समोरचा गिऱ्हाईक कोणी नसतोच. तुम्ही घेतले तर विकणारी कंपनी, तुम्ही विकले तर घेणारी कंपनी. भाव तिच्याच पडद्यावरचा. तुमचा तोटा हा तिचा नफा. चांगल्या नियमांच्या देशात यावरही देखरेख असते, कंपनीला कागद दाखवावे लागतात. बेटावर कोण पाहणार? म्हणजे घेणारा तोच, काटा त्याचाच, वजने त्याचीच, आणि रात्रीची वेळ.

बरे, उत्तम देशातला, प्रामाणिक दलाल मिळाला तरी सगळे सुरळीत, असेही नाही. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या फ्रँकचा भाव २०११ पासून युरोशी एका मर्यादेत धरून ठेवला होता. १५ जानेवारी २०१५ ला तिने एकाएकी हात सोडला. काही मिनिटांत फ्रँक इतका उसळला की हजारो ग्राहकांचे टाकलेले पैसे तर गेलेच, वर कंपनीचे देणेही अंगावर आले. अमेरिकेच्या एफएक्ससीएम या मोठ्या कंपनीच्या ग्राहकांकडे सुमारे साडेबावीस कोटी डॉलर थकले आणि कंपनीला उसने पैसे घेऊन तगावे लागले. लंडनची अल्पारी यूके तर दिवाळ्यात गेली. या दोघी परवानाधारक होत्या. त्यानंतर युरोपने २०१८ च्या नियमांत असेही घातले की ग्राहकाचे नुकसान त्याने टाकलेल्या पैशांपलीकडे जाता कामा नये. बेटावरच्या करारात ही ओळ आहे की नाही, हे धाकट्याच्या वहीत रकानाच नव्हता.

इथपर्यंत दुपारचे तीन वाजले. मी म्हटले, "म्हणजे चारही बाद. मग पाचवी चांगली शोधू." भाची हसली नाही. म्हणाली, "मामा, शोधायचंच नाही. आपल्याला कायदाच नाही."

हे मला अजिबात माहीत नव्हते, आणि माझ्यासारख्या पुष्कळांना नसेल म्हणून जरा विस्ताराने लिहितो. परकीय चलनाचा आपला कायदा आहे १९९९ चा, फेमा म्हणतात. तो जून २००० पासून लागू आहे. त्याप्रमाणे भारतात राहणाऱ्या माणसाने परकीय चलनाचा व्यवहार फक्त अधिकृत माणसाशी, म्हणजे परवानगी असलेली बँक वगैरे, आणि कायद्याने मान्य केलेल्या कारणासाठीच करायचा. मोबाईल-कॉम्प्युटरवर करायचा असेल तर तो रिझर्व्ह बँकेने मंजूर केलेल्या मंचावर किंवा एनएसई, बीएसई यांसारख्या मान्यताप्राप्त शेअर बाजारात. शिक्षण, औषधोपचार, प्रवास अशा कामांसाठी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. पण परदेशी दलालाकडे सौद्याचे मार्जिन भरायला एक डॉलरही पाठवता येत नाही. मोडले तर व्यवहाराच्या तिप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे लंडनचा दलाल कितीही सचोटीचा असो, अकोट-तेल्हाऱ्याच्या माणसाला त्याच्याकडे मार्जिन भरून सौदा करण्याची मुभा नाही.

रिझर्व्ह बँकेने ७ सप्टेंबर २०२२ ला एक सावधानतेची यादी काढली. सुरुवातीला तीत ३४ नावे होती, पुढे ती दुपटीहून जास्त झाली. भाचीने ती यादी उघडून धाकट्याच्या हातात दिली. त्याच्या चारपैकी दोन नावे त्यात होती. पहिल्याच यादीत ऑक्टाएफएक्सचेही नाव आहे, जिने आयपीएलमधल्या दिल्लीच्या संघाशी जाहिरातीचा करार केला होता. आमच्या गावात पोरे ते सामने पाहतच होती. नाव टीव्हीवर दिसले म्हणजे सरकारमान्य, असे आपण धरून चालतो. आणि यादीत नाव नाही म्हणजे कंपनी चांगली, असेही नाही. ते रिझर्व्ह बँकेने तिथेच लिहून ठेवले आहे.

"मंग इथल्या शेअर बाजारात करतो," धाकटा म्हणाला. हाही प्रश्न बरोबरच होता. एनएसईवर डॉलर-रुपयाचे सौदे २९ ऑगस्ट २००८ ला सुरू झाले, एक सौदा एक हजार डॉलरचा. २०१० मध्ये युरो, पौंड, येन आले. पुष्कळ साधी माणसे त्यात सट्टा करत. पण ५ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बजावले की रुपयाचा समावेश असलेल्या अशा सौद्यामागे परकीय चलनाचा खरा व्यवहार पाहिजे, म्हणजे तुमचा माल बाहेर जायचा आहे, किंवा डॉलरमध्ये देणे आहे. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण व्यवहार खरोखर असलाच पाहिजे. ते ३ मे २०२४ पासून लागू झाले आणि त्या बाजारातली गर्दी एकदम ओसरली. भाची म्हणाली, "तुझा कोणता माल चाललाय बाहेर?" धाकटा वहीकडे पाहत बसला.

मग त्याने शेवटचा पत्ता टाकला. "बाबासायबांनं रुपयावर येवढं पुस्तक लिवलं. मंग आपन डॉलरचा धंदा केला तं का बिघडलं?"

आजकालच्या पोरांचे हे बरे असते. फोटो दाखवून वादात जिंकायचे. 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ १९२३ साली लंडनला निघाला, हे विहारातल्या अभ्यासवर्गात मीही ऐकले आहे. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली, तिथेही विषय रुपयाच्या विनिमयदराचाच. त्यात त्यांचा रोख कशावर होता? रुपया स्वस्त केला की निर्यात करणारा व्यापारी कमावतो, तो नफा बाहेरून येत नाही, देशातल्याच दुसऱ्या वर्गाच्या खिशातून येतो; भाव वाढतात आणि मजुरी मागे राहते. म्हणजे रुपयाची पत मजुराच्या घरात धान्य किती आणते, हा त्यांचा प्रश्न होता. मी एवढेच म्हटले, "बाबासाहेबांनी त्या पुस्तकासाठी किती वर्षं वाचलं ते आधी वाच, मग बोल." जरा कडक बोललो. त्याच्या आईने माझ्याकडे रागाने पाहिले.

आणि तो रडायला लागला.

२३ वर्षांचा मुलगा. आमच्या घरात ताटे तशीच राहिली. पैसे तो आधीच टाकून बसला होता. ४० हजार. पतसंस्थेतून मित्राला जामीन ठेवून काढलेले. चौथी कंपनी, जिचे नाव मी लिहीत नाही. पुण्याच्या कोणा 'सरां'च्या टेलिग्रामच्या ग्रुपमधून तिची ओळख झाली. १७ दिवसांत मोबाईलवर त्याचे ९१ हजार दिसत होते. काढायला गेला तर निरोप आला की आधी नफ्यावरचा टॅक्स म्हणून १४ हजार भरा, मग सगळे एकदम मिळतील. माझ्याकडचे एक लाख त्यासाठी पाहिजे होते. १४ हजार टॅक्सचे, आणि उरलेल्यातून गेलेले भरून काढायचे. भरोशाचा दलाल तो पुढच्या वेळेसाठी शोधत होता, आधीच्या वेळेची जखम झाकून.

भाचीने एकच विचारले, "पैसे पाठवले कोणाच्या नावावर?" त्याने दाखवले. तीन वेळा पाठवले, तीन वेगळी नावे. एक कुठल्यातरी साडी सेंटरचे, एक किराणा दुकान, एक साधे माणसाचे नाव. डॉलरच्या कंपनीला पैसे आणि खाते साडी सेंटरचे! हे आधी पाहिले असते तर वहीतल्या बाकी रकान्यांची गरजच नव्हती. आणि कर कोणतीही कंपनी आधी रोख मागत नाही. खरेच कापायचा असेल तर देण्यातून कापते.

मी म्हटले, चल, तक्रार करू. तेव्हा तो जे बोलला त्याने माझ्या अंगावर काटा आला. "कोनापाशी करू बाबा? ताई म्हनते ते कराचंच नवतं. मलेच धरतीन."

पन्नास वर्षांनी तेच वाक्य. बाबा गप्प राहिले ते याच भीतीने, आणि खेडा खरेदीवाल्याला ती भीती माहीत होती. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला होता. भाचीने सांगितले, घाबरू नको, पण खोटेही सांगू नको. काय केले, कोणाला पाठवले, कधी, सगळे तसेच्या तसे सांग. फसवणारे याच लाजेवर आणि भीतीवर जगतात. तिथूनच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावला, मग सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. व्यवहारांचे क्रमांक, पडद्याचे फोटो, टेलिग्रामवरचे बोलणे, काही पुसू दिले नाही. रिझर्व्ह बँकेचे 'सचेत' म्हणून संकेतस्थळ आहे, तिथेही कळवले. तक्रार पहिल्या काही तासांत झाली तर पैसे मधल्या खात्यात अडकवता येतात. आमचे १७ दिवस उलटून गेले होते. तरी एका खात्यात सहा हजार चारशे गोठवले गेले. ते अजून हातात आलेले नाहीत. बाकीचे गेले, असेच धरून आम्ही चाललो आहोत. १४ हजार भरले नाहीत, हे त्यातले बरे.

जाता जाता भाचीने त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून दिले, शेअर घ्यायचे झाले तरी कोणाकडून आणि कसे. दलालाचा सेबीचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहायचा, त्याने पाठवलेल्या फोटोवरून नव्हे. सौदा झाल्यावर २४ तासांत त्याची कॉन्ट्रॅक्ट नोट आली पाहिजे. बाजार समितीच्या काटापट्टीसारखीच ती. सौद्याचा एसएमएस थेट शेअर बाजाराकडून येतो, तो जुळवायचा. पैसे दलाल कंपनीच्याच नावाच्या खात्यात, आपल्याच खात्यातून, रोखीने कधीच नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने नोंदणीकृत दलालांसाठी 'व्हॅलिड' हा शब्द असलेले वेगळे युपीआय पत्ते काढले आहेत, ते पाहायचे. आणि कुठेही पैसे टाकले तर पहिल्या आठवड्यात थोडे परत काढून पाहायचे, नफा असो की नसो.

ज्याला डॉलरची खरी गरज आहे त्याची गोष्ट वेगळी. सरकारी परदेश शिष्यवृत्तीवर आपली पोरे आता बाहेर शिकायला जातात, कोणाचा मुलगा आखातात काम करतो. तिथे दलाल निवडायचा म्हणजे बँक किंवा परवानाधारक चलन बदलणारा निवडायचा. भाची म्हणाली, लोक फक्त 'कमिशन किती' विचारतात. कमिशन शून्य सांगून भावात कापणारेही असतात. म्हणून एकाच दिवशी दोन-तीन ठिकाणी सरळ विचारायचे: मला एक हजार डॉलर पाहिजेत, सगळे धरून किती रुपये देऊ? ऑगस्ट २०१९ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा 'एफएक्स-रिटेल' नावाचा मंचही आहे. बँकेमार्फत नाव नोंदवून सामान्य माणसाला तिथल्या भावाने डॉलर घेता येतो. हे ऐकून आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी आपल्या लेकासाठी अकोल्याला दोन बँकांत विचारले, तर एक हजार डॉलरमागे सातशेहून जास्त रुपयांचा फरक निघाला. आठ दिवसांचा त्यांचा भाजीपाला झाला.

धाकटा आता दर महिन्याला पतसंस्थेत १,९०० रुपये भरतो. माझ्याकडून घेत नाही, मीही दिले नाहीत. त्याची आई अधूनमधून त्याच्या डब्यात दोनशेची नोट ठेवते, ते मला माहीत आहे हे तिला माहीत नाही. वही त्याने फाडली नाही. दुकानात कोणी पोरगा फॉरेक्सचे ॲप टाकून द्यायला सांगतो तेव्हा तो रिझर्व्ह बँकेची यादी उघडून दाखवतो. दोघांनी ऐकले, एक जण रागावून दुसऱ्या दुकानात गेला.

फोन मात्र अजून येतात. हिंदीतून, मोठे गोड बोलतात, मी आपला अकाउंट मॅनेजर बोलतो म्हणून. परवा धाकट्याने फोन माझ्या हातात दिला. मी विचारले, "भाऊ, सौद्याचा भाव कोन ठरवते? काटा कोनाचा हाय?" तो म्हणाला, "कौनसा कांटा, अंकल?" मी समजावून सांगायला लागलो तर त्याने फोन ठेवला.

पतसंस्थेचे अजून १९ हप्ते बाकी आहेत. मुलीची फी २८ डिसेंबरला भरली.